बर्बन आवडते, स्कॉचचा धूर झेपत नाही? ठाणे-नवी मुंबईकरांसाठी क्रमवार मार्गदर्शक

जिम बीम किंवा मेकर्स मार्क अशी बर्बन, म्हणजे अमेरिकन व्हिस्की, मनापासून आवडणाऱ्या बहुतेकांची धुरकट स्कॉचशी पहिली गाठ साधारण एकाच पद्धतीने पडते. परदेशातून आलेला मेहुणा ड्यूटी फ्रीमधून लाफ्रॉइग आणतो, मोठ्या कौतुकाने साठचा पेग भरून हातात देतो, आणि पहिल्याच घोटाला डेटॉल, जळकी दोरी, दवाखान्यातलं बँडेज असं सगळं एकदम तोंडात येतं. मग ‘आपली बर्बनच बरी’ म्हणून तो विषय कायमचा बंद होतो.

इथे चुकतो तो क्रम. सगळ्यात वरच्या पायरीवर थेट उडी मारली की तोंडावर पडणं आलंच. खरं तर बर्बन पिणाऱ्याला धुरापर्यंत जाणारा अर्धा रस्ता आयता बांधून मिळालेला असतो. तो कुठून जातो ते खाली लिहितो. घाई करू नका, दोन-तीन महिने हाताशी धरा.

१. आधी कागद आणि सामान

महाराष्ट्रात व्हिस्कीसाठी वय २५ पूर्ण लागतं. सौम्य बिअरसाठी २१ चालतं, ती सवलत इथे नाही. शिवाय मद्य विकत घ्यायला, बाळगायला आणि प्यायला परवाना लागतो, हे वर्षानुवर्षं परमिट रूममध्ये बसणाऱ्यांच्याही गावी नसतं. एक दिवसाचा परवाना पाच रुपयांत दुकानातच मिळतो. पण घरी दोन-चार बाटल्या ठेवून सावकाश चाखायचं असेल, तर राज्य उत्पादन शुल्क विभागाकडून वर्षाचा (१०० रुपये) किंवा आजीवन (१००० रुपये) परवाना काढून टाका. अर्ज ऑनलाइन होतो.

कागदपत्रं:
- ओळखीचा आणि पत्त्याचा पुरावा (आधार चालतं)
- जन्मतारखेचा पुरावा
- पासपोर्ट आकाराचा फोटो

सामान:
- तोंडाशी निमुळता होणारा छोटा ग्लास. याला ग्लेनकेर्न म्हणतात, ऑनलाइन सहज मिळतो. रुंद तोंडाच्या ग्लासात वास उडून जातो आणि नाकाला नुसतं अल्कोहोल लागतं.
- मेडिकलच्या दुकानातला ड्रॉपर.
- खोकल्याच्या औषधाच्या बाटलीचं टोपण, ज्यावर ५, १०, १५ मिलीच्या रेघा असतात. स्वच्छ धुऊन घ्या. चाखायला यापेक्षा चांगलं माप नाही.
- साधं पिण्याचं पाणी.

दगडाचे खडे, लाकडी पेटी, धूर सोडणारी बंदूक असलं काही घेऊ नका.

ड्राय डे आधी बघून ठेवा. २ ऑक्टोबर, आषाढी, अनंत चतुर्दशी या दिवशी दुकानाच्या शटरसमोर उभं राहण्यात अर्थ नाही. आणि एक सापळा: गोव्याहून येताना बॅगेत बाटल्या टाकून आणणं. परवान्याशिवाय हा महाराष्ट्रात गुन्हा आहे. ‘सीलबंद आहे, बिल आहे’ म्हटल्याने सुटका होत नाही.

२. बर्बनमधलं नेमकं काय आवडतं ते ओळखा

ही पायरी सगळे गाळतात. बर्बनमध्ये कमीत कमी ५१ टक्के मका असतो आणि ती आतून जाळलेल्या कोऱ्या ओक पिंपात मुरवावी लागते, असा अमेरिकेचा कायदा आहे. व्हॅनिला, कॅरॅमल, थोडी लवंग हे सगळं त्या जळक्या लाकडातून येतं. आता गंमत बघा. लाकूड जाळलं की त्यात ग्वायकॉल नावाचं संयुग तयार होतं, आणि स्कॉचमधल्या धुराच्या वासातही तेच ग्वायकॉल असतं. म्हणजे धुराचा एक धागा तुमच्या रोजच्या ग्लासात आधीपासून आहे. फक्त गोडव्याखाली झाकलेला.

दुसरी गोष्ट पिंपाची. कोरंच पिंप हवं असल्यामुळे बर्बनवाल्यांना ते पुन्हा बर्बनसाठी वापरता येत नाही. मग ती साधारण २०० लिटरची पिंपं मोठ्या संख्येने स्कॉटलंडला जातात आणि तिथे त्यांत स्कॉच मुरते. लाफ्रॉइगच्या गोदामात मेकर्स मार्कची रिकामी पिंपं असतात. म्हणजे ज्या पिंपाने तुमची आवडती बर्बन गोड केली, तेच पुढे मेहुण्याच्या त्या बाटलीत उतरलं असण्याची शक्यता चांगलीच आहे.

आता आपली आवड तपासा. मेकर्स मार्कमध्ये राय (तिखटपणा देणारं एक धान्य) नसतं, त्याऐवजी १६ टक्के गहू असतो, म्हणून ती मऊ लागते. बुलेट नावाच्या बर्बनमध्ये २८ टक्के राय असतं, म्हणून तिखट. मऊ आवडत असेल तर पुढे कूल ईला आणि लागावूलिन या धुरकट स्कॉचकडे तुमचा ओढा राहील. तिखट आवडत असेल तर टॅलिस्कर ही स्कॉच लवकर जमेल. हा काही नियम नाही, पण बहुतेकांच्या बाबतीत बरोबर निघतो.

३. धूर येतो कुठून ते समजून घ्या

पिंपात धूर भरतात असा पुष्कळांचा समज असतो. तसं नाही. मोड आलेलं बार्ली (वाळलं की त्यालाच माल्ट म्हणतात) वाळवताना भट्टीत पीट जाळतात. पीट म्हणजे दलदलीत हजारो वर्षं दबलेलं, अर्धवट कुजलेलं शेवाळ आणि झाडोरा. त्याचा धूर ओल्या दाण्याच्या सालीला चिकटतो आणि दळण, आंबवण, दोन वेळा ऊर्ध्वपातन, वर्षानुवर्षं मुरणं एवढं सगळं होऊनही टिकतो. भरिताचं वांगं भाजून, सोलून, फोडणी घालूनही त्याचा धूर जात नाही, तसंच.

दुकानदार आणि हौशी मंडळी तुमच्यासमोर ‘पीपीएम’चे (दहा लाख भागांत किती भाग) आकडे फेकतील. आर्डबेग ५५ च्या आसपास, लाफ्रॉइग ४० ते ४५, लागावूलिन ३५, बोमोर २५, आणि ऑक्टोमोरची एक बाटली तर ३०९. हे आकडे माल्टमधल्या फिनॉलचे, म्हणजे धुराचा वास देणाऱ्या संयुगांचे असतात, बाटलीतल्या व्हिस्कीचे नव्हेत. ऊर्ध्वपातनात त्यातला बराच भाग गळून जातो. लागावूलिन आणि कूल ईला या दोघींचा माल्ट पोर्ट एलनच्या एकाच कारखान्यातून येतो, धुराचं प्रमाणही जवळपास सारखं, तरी एक जड आणि दुसरी हलकी. फरक भट्टीवरच्या भांड्याचा आकार, ते किती भरतात आणि धार कुठे तोडतात यातून पडतो. तेव्हा आकडा बघून घाबरू नका आणि आकडा बघून खरेदीही करू नका.

४. घोट घ्यायची पद्धत बदला

आपल्याकडे व्हिस्की म्हणजे बर्फ, सोडा, चकणा आणि गप्पा. त्यात वाईट काही नाही, पण धुराची ओळख करून घेताना ही पद्धत आड येते.

बारमध्ये असाल तर ‘तीस, नीट, पाणी वेगळं’ (नीट म्हणजे काहीही न मिसळता) एवढंच सांगा, आणि पेग तुमच्या टेबलावर, तुमच्यासमोर मापून घ्या. वेटर सवयीने सोड्याची बाटली तिरकी करतच येतो, त्यामुळे ग्लासावर हात ठेवलेला बरा. दोघं असाल तर एक तीस वाटून घ्या. पंधरा मिली चाखायला भरपूर झाले.

ग्लास आधी छातीशी धरा. धुराचा वास तिथपर्यंतही येतो. मग हनुवटीशी आणा, तोंड किंचित उघडं ठेवून श्वास घ्या. नाक ग्लासात खुपसलंत तर अल्कोहोलचा चटका बसेल आणि पुढची पाच मिनिटं काही कळणार नाही. पहिला घोट अगदी छोटा. तो तोंड ओलं करण्यापुरता असतो, त्यावरून मत बनवू नका. राख, औषध जे काही लागेल ते लागू द्या. मिनिटभर थांबून दुसरा घोट जिभेवर घोळवा आणि मुद्दाम गोडवा शोधा. बर्बनने तुमची जीभ व्हॅनिला ओळखायला शिकवलेलीच आहे, तिला इथेही तो सापडतो. बहुतेक वेळा लिंबाच्या सालीच्या आणि मिठाच्या मागे, घोट गिळल्यानंतर.

मग ड्रॉपरने पाण्याचे तीन-चार थेंब. स्वीडनमधल्या दोन संशोधकांनी २०१७ मध्ये संगणकावर रेणूंची मांडणी करून दाखवलं की पाणी घातल्यावर ग्वायकॉल पृष्ठभागाकडे येतं, म्हणजे नाकाच्या जवळ. तुम्हाला प्रयोगशाळेची गरज नाही. थेंब टाकायच्या आधी आणि नंतर हुंगून बघा.

हवेचाही हिशोब ठेवा. मे महिन्यात पंख्याखाली तेहतीस अंशांत नीट व्हिस्की नाकाला झोंबणारच. एसी लावा, नाहीतर ग्लास आणि पाणी आधी फ्रिजमध्ये ठेवा. बर्फ टाकलात तर धूर मागे उरतो आणि गोडवा झाकला जातो, म्हणजे नेमकं नको तेच होतं.

ग्लास लगेच विसळू नका. झाकून ठेवा आणि सकाळी हुंगा. अल्कोहोल उडून गेलेलं असतं आणि तळाशी फक्त चुलीतली राख उरते. धूर एकट्याने कसा असतो हे इतकं स्वच्छ दुसरीकडे कळत नाही.

५. पहिला टप्पा: ओळखीच्या बाटल्यांतला धूर

ज्याला आपण धूर म्हणून कधी बघितलंच नाही, तो आपल्या शेजारच्या वाइन शॉपमध्ये आहे. टीचर्स हायलँड क्रीम घ्या. तिच्या गाभ्यात आर्डमोर नावाची, पीट वापरून केलेली माल्ट व्हिस्की असते. बाबांच्या पिढीची ‘साधी’ स्कॉच म्हणून नाक मुरडू नका, क्वार्टर आणून नीट चाखा. जॉनी वॉकरच्या ब्लॅक लेबलमध्येही कूल ईलाचा धूर मागून येतो. त्यानंतर डबल ब्लॅक. तिच्यात धूर जास्त आहे आणि खोल जाळलेल्या पिंपांचा वापरही, म्हणून बर्बनवाल्याला ती पटकन आपली वाटते.

एकाच संध्याकाळी बर्बन, ब्लॅक लेबल आणि डबल ब्लॅक, प्रत्येकी पंधरा मिली, याच क्रमाने प्या. उलट क्रमाने प्यायलात तर बर्बन फक्त साखरपाणी लागेल.

६. दुसरा टप्पा: आपल्याकडचा धूर, आणि टॅलिस्कर

माझ्या मते खरा पूल इथे आहे, आणि स्कॉचच्या वेडात लोक तो ओलांडायचा विसरतात. बेंगळुरूची अमृत फ्यूजन ही साधं भारतीय बार्ली आणि पीटवर वाळवलेलं स्कॉटिश बार्ली वेगवेगळं गाळून मग एकत्र केलेली, ५० टक्क्यांची व्हिस्की. गोव्याची पॉल जॉन एडिटेड हलक्या धुराची आहे, बोल्ड चांगली धुरकट, तिच्यासाठी पीट थेट स्कॉटलंडच्या आयला बेटावरून येतं. स्कॉटलंडमध्ये पिंपातून वर्षाला दोनेक टक्के व्हिस्की उडून जाते, आपल्याकडे उष्णतेमुळे दहा टक्क्यांच्या घरात. तीच उष्णता लाकडातला गोडवाही भराभर ओढून घेते. बहुतेक बर्बन जिथे बनते त्या केंटकीचा उन्हाळाही कडक असतो, त्यामुळे या बाटल्यांचं अंग बर्बनसारखं भरदार असतं आणि धूर त्यावर बसतो. शिवाय आयात शुल्क नाही.

मग स्काय बेटावरची टॅलिस्कर १०. भट्टी १८३० सालची, ताकद ४५.८ टक्के. धूर, मीठ आणि शेवटी घशात मिरी. ही नीट जमली नाही तर थंडगार सोड्यात एकास तीन करा, वर मिरीचा एक फिरका द्या. ऑक्टोबरच्या उकाड्यात खाडीवरून वारा येत नसेल तेव्हा याला तोड नाही. वर सोड्याबद्दल कुरकुर केली ती ओळख करून घेण्यापुरती, ओळख झाल्यावर सोडा खुशाल घाला.

अजूनही अडलंच तर पेनिसिलिन करा. न्यूयॉर्कमध्ये सॅम रॉस या बारटेंडरने २००५ च्या सुमारास बसवलेलं हे कॉकटेल. सामान आपल्या ओट्यावरचंच आहे. ६० मिली ब्लेंडेड स्कॉच, वीस-बावीस मिली लिंबाचा रस, तेवढाच आल्याच्या रसात कालवलेला पातळ मध. बर्फावर हलवून गाळा आणि वर चमच्याच्या पाठीवरून आयलाची चमचाभर धुरकट व्हिस्की हलकेच ओता. धूर फक्त नाकाला लागतो, जिभेवर आलं-मध. बर्बनवाल्यांचा विरोध इथे सहसा मावळतो.

७. तिसरा टप्पा: आयला बेट

आता त्या मेहुण्याच्या बाटलीकडे. पण तिच्या आधी तीन जणी आहेत. बोमोर १२ सगळ्यात समजूतदार. १७७९ सालची भट्टी आणि मध्यम धूर. कूल ईला १२ स्वच्छ, लिंबासारखी, बहुतेक बर्बनच्याच पिंपांतली. लागावूलिन १६ गोड, जड, सावकाश प्यायची. बेटावरच्या व्हिस्क्यांत बर्बनवाल्याचं मन सगळ्यात आधी हिच्यावर बसतं.

त्यानंतर आर्डबेग १० आणि लाफ्रॉइग. लाफ्रॉइगमध्ये थेट १० च्या ऐवजी क्वार्टर कास्क मिळाली तर बघा. ती शेवटी छोट्या पिंपांत मुरवतात, लाकूड जास्त लागतं, ताकद ४८ टक्के आणि व्हॅनिला भरपूर. औषधी वास तिथेही आहेच, पण गोडवा त्याला उचलून धरतो.

इथला सापळा: ‘आयला म्हणजे धूर’ असं समजून बनाहाबेन १२ किंवा ब्रुकलाडीची क्लासिक लॅडी उचलणं. दोन्ही उत्तम आहेत, पण दोन्हींत पीट नाही.

ठाणे-नवी मुंबईतल्या सगळ्या बारमध्ये या मिळणार नाहीत. घोडबंदर रोडवरून वाशीपर्यंत हेलपाटा मारण्याआधी फोन करून ‘बाटली उघडी आहे का आणि कधी उघडली’ असं विचारा. अर्ध्याहून रिकामी होऊन महिनोन् महिने पडलेल्या बाटलीतला धूर विरलेला असतो, आणि तीसचे पैसे मात्र पूर्ण. जाताना गाडी घरी ठेवा. रक्तात १०० मिलीला ३० मिलिग्रॅम ही मर्यादा आहे, पहिल्याच गुन्ह्याला १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. ‘फक्त चाखली’ हे नाकाबंदीवर कोणी ऐकत नाही.

८. सोबत काय, आणि कोणासोबत

तिखट शेव, लसणाची चटणी, शेझवान काही नको, जीभ बधिर होते. सोबत हवे ते धुराचे सोबती. निखाऱ्यावर भाजलेले सुके बोंबील, वांग्याचं भरीत, थंडीत पनवेलकडे कोणी ओळखीचं असेल तर पोपटी. भांबुर्ड्याच्या पाल्यात शिजलेल्या वालाच्या शेंगा आणि टॅलिस्कर हे एकदा जमवाच. शाकाहाऱ्यांनी भाजलेलं कणीस घ्यावं, लिंबू-मीठ लावून, तिखट टाळून.

गटारीच्या पार्टीत आयलाची बाटली उघडू नका. अर्धी मंडळी ‘हे काय आणलंस रे’ म्हणतील, उरलेली तिच्यात कोला ओततील. श्रावण पाळत असाल तर उलट फायदाच आहे. महिनाभराच्या खंडानंतर जीभ कोरी असते, तेव्हा आधी न जमलेली एखादी पुन्हा चाखून बघा. आणि सगळं करूनही लाफ्रॉइग घशाखाली उतरली नाही तर नका पिऊ. लागावूलिनवर थांबलेले पुष्कळ जाणकार आहेत.

९. बाटली घेताना

निदान दोन वेगवेगळ्या दिवशी पेग आवडल्याशिवाय पूर्ण बाटली घेऊ नका. स्कॉचवर दीर्घकाळ १५० टक्के आयात शुल्क राहिलं. २४ जुलै २०२५ रोजी सही झालेल्या भारत-ब्रिटन व्यापार करारात ते ७५ आणि पुढे दहाव्या वर्षी ४० टक्के करायचं ठरलं. त्यावर राज्याचा कर वेगळा, त्यामुळे कागदावरची कपात जशीच्या तशी बिलात दिसेल असं धरू नका.

‘एअरपोर्टवरून आलेला माल आहे, अर्ध्या किमतीत’ म्हणणाऱ्या ओळखीच्या ओळखीच्या माणसाला दारातूनच परत पाठवा. रिकाम्या महागड्या बाटल्या भंगारातून उचलून पुन्हा भरणं हा जुना धंदा आहे. त्यासाठी स्वतःची संपलेली बाटली टाकतानाही लेबल फाडून टाका. परवानाधारक दुकानातून घ्या, बुचावरचं उत्पादन शुल्काचं लेबल तपासा, बिल मागा. घरी बाटली उभी ठेवा, आडवी नको, नाहीतर बूच भिजून सडतं. खिडकीत नको, कपाटात ठेवा.

परदेशातून कोणी येणार असेल तर एका प्रवाशाला दोन लिटरपर्यंत मद्य शुल्काशिवाय आणता येतं, म्हणजे ड्यूटी फ्रीतल्या लिटरच्या दोन बाटल्या. एक धुरकट आणि एक बर्बन सांगा. नुसतं नाव टाइप करून पाठवू नका, बाटलीचा फोटो पाठवा. आर्डबेगही हिरव्या बाटलीत येते आणि लाफ्रॉइगही, आणि दुकानातून ‘हिरवीच ना?’ असा मेसेज आला की तुम्ही नेमके मीटिंगमध्ये असता.